भोपळा आणि धोंडा

"सारजे, दाभण जपून घाल. त्याच्या पोटाला भोक पडलं तर वर्षाराणी मॅडम मला इहिरीत टाकून वरून झाकण लावतील."

"पोत्याला, घोंगडीला, तुमच्या धोतराला, सगळ्याला दाभण घातलं मी. कुणाच्या पोटाला लागलं का आजवर?" सारजानं मेणाचा दोरा दातात धरून करकचून ओढला. "आन ह्याचं पोट कुठं हाय ते तरी दावा."

म्हाळू तिच्यासमोर ओट्यावर उकिडवा बसला. दिवस कलला होता, पण उजेड होता अजून. सारजाच्या मांडीवर काळंभोर, जाडजूड, बिनबाह्यांचं जाकीट पसरलं होतं. खांद्यापासून हत्तीच्या सोंडेसारखी एक नळी लोंबत होती आणि सोंडेच्या टोकाला दोन बटणं. पाणबुड्यांचं जाकीट ते. तालुक्याच्या बचाव पथकाला नुकतंच मिळालं होतं, नवं नव्हे, कुठंतरी समुद्रावर वापरून झालेलं. पाठीमागच्या एका खिशाची शिवण उसवली होती. वर्षाराणी मॅडमनं विचारलं, इथं कोण शिवून देईल? आणि म्हाळूनं अभिमानानं बायकोचं नाव सांगितलं होतं.

"पोट म्हंजे ह्ये सगळंच," म्हाळू जाकिटावरून हात फिरवत म्हणाला. "आत पोकळ हाय. पाठीला नळकांडं. ह्ये बटन दाबलं की नळकांड्यातली हवा जाकिटात शिरती, मानूस वर. त्ये दाबलं की हवा भुस्सकन भाईर, मानूस खाली. आन बरोबर मापात हवा ठिवली तर ना वर ना खाली, अधांतरी. घार ऱ्हाती का न्हाई पंख न हलवता? तसं." तो स्वतःशीच हसला. "भोपळाबी ह्योच आन धोंडाबी ह्योच."

हे सारजाला लगेच समजलं. पाण्याचं बाकी काही तिला समजत नसलं तरी भोपळा आणि धोंडा समजत होता. म्हाळू सहा वर्षांचा असताना बापानं त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि विहिरीत ढकलून दिलं. महिनाभर भोपळ्यानं तरंगवलं, मग एक दिवस बापानं न सांगताच भोपळा सोडून घेतला. सोळाव्या वर्षी त्याच बापानं कमरेला धोंडा बांधायला दिला. मांजरेच्या पात्रातला काळा, चपटा, भाकरीएवढा धोंडा. त्याच्या वजनानं सुर्रकन तळाशी जायचं, विहिरीत पडलेली मोटर, पाइपाच्या तळाचा फुटबॉल म्हणजे झडप, कुणाची घागर, जे असेल ते हाताला लागलं की दोराला अडकवायचं, धोंड्याची गाठ सोडायची आणि वर यायचं. धोंडा मग दोरानं मागाहून वर ओढायचा. चाळीस वर्षं एकच धोंडा. आसपासच्या पंधरा-वीस गावांच्या विहिरींनी तो पाहिलेला.

उतरण्याआधी सारजा धोंड्याला हळदकुंकू लावायची. आणि म्हाळू पाण्याखाली गेला की काठावर उभी राहून स्वतःचा श्वास धरायची. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आपोआप झालं आणि मग राहूनच गेलं. तिचा श्वास नेहमी त्याच्या आधी संपायचा. मग ती चोरून दुसरा घ्यायची, आणि नवरा जेवायच्या आधी आपण घास खाल्ल्यासारखं तिला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी नेकनूरच्या एका मळ्यात मोटर काढताना म्हाळू वर आला तो नाकातून रक्त घेऊनच. उजवा कान तेव्हापासून निम्मा गेला. त्या दिवशी सारजानं त्याचा हात धोंड्यावर ठेवून घेतला आणि वदवून घेतलं: ह्यो धोंडा कमरेला बांधून मी परत पाण्यात जानार न्हाई. म्हाळूनं शब्द पाळला. धोंडा देवळीत बिरोबाच्या टाकांशेजारी जाऊन बसला. म्हाळू शेळ्या वळू लागला.

पण त्याचं असं झालं की शेळ्या कुठंही चरायला नेल्या तरी हा सापडायचा कुणाच्या तरी विहिरीपाशी. लग्नाला गेला तर पंगतीआधी लग्नघरची विहीर बघून यायचा. एसटीतून जाताना रस्त्याकडेची विहीर दिसली की उभा राहायचा. कंडक्टर म्हणायचा, उतरायचं का तात्या? हा म्हणायचा, न्हाई, नुसतं बघायलो.

आणि गेल्या महिन्यात वर्षाराणी आली. पोलिसातली, पंचविशीची, पथकाची प्रमुख. दीड महिना समुद्रावर राहून पाण्याखालचं सगळं शिकून आलेली. कोणत्या विहिरीला कुठं कपार आहे, कुठं जुन्या मोटेचं लाकूड अडकलंय, कुठं झरा जोरात आहे, हे सगळं म्हाळूच्या डोक्यात असल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"काका, हे कागदावर मांडून द्याल का?"

"कागद भिजतो, मॅडम."

ती खळखळून हसली, आणि म्हणाली, मग तुम्हीच जाकीट शिका.

म्हाळूनं सारजाकडं पाहिलं होतं. अडवायला ती काय बोलणार? शपथ धोंड्याची होती. जाकिटाची कुणी घातली नव्हती.

"शेळ्या बांधून येतो," म्हणत म्हाळू ओट्यावरून उठला. सारजानं उसवलेल्या खिशाला शेवटचे दोन टाके घातले, हात घालून खिसा पाहिला. चांगला मोठा खिसा. भाकरी मावेल एवढा.

ती आत गेली, देवळीतून धोंडा काढला, त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि आणून खिशात सारला. बसला बेताचा. खिशाचं तोंड तिनं आडव्या टाक्यांनी शिवून टाकलं. शपथ मोडत नव्हती. कमरेला कुठं बांधलाय, पाठीला आहे. एवढं सगळं त्या दोन बटणांच्या हवाली. ओळखीचं एक तरी कुणी बरोबर असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीवर अजून दहिवर होतं, तेव्हाच मंडळी पायऱ्यांच्या विहिरीवर जमली. ज्वारी हुरड्यात आलेली. विहिरीला पाच परस पाणी, परस म्हणजे हात वर केलेला माणूस बुडेल एवढं; हिरवं, नितळ. ऊन आत शिरलं की दोन परसांपर्यंत दिसायचं. पथकातला शहादेव दोर सांभाळायला. मधोमध आणखी एक दोर सोडला होता, आणि पाण्याखाली दीड-दोन परसांवर त्याला दोन लाल फिती बांधल्या होत्या, एकमेकींपासून दोन हातांवर. परीक्षा एवढीच: दोराला हात न लावता, त्या दोन फितींच्या मधे, दोन मिनिटं स्थिर राहायचं. वर नाही, खाली नाही.

"बुडालेल्या माणसाला शोधताना आपणच तळाला पाय लावला तर गाळ उठतो," वर्षाराणीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मग हाताला हात दिसत नाही. ज्याला अधांतरी राहता येतं, तोच उपयोगाचा."

आजचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी यादी बीडला जाणार होती. एक जागा उरली होती, आणि तलवाड्याचा एक पहिलवान गडी परवाच दोन मिनिटं राहून गेला होता.

वर्षाराणीनं आपली दहा महिन्यांची धनश्री सारजाच्या कडेवर दिली. सासू-सासरे ऊसतोडीला गेलेले, नवरा पुण्याला, म्हणून रोज ही पोर विहिरीवर यायची आणि रोज सारजाच्या कडेवर बसून तिच्या नाकातल्या चमकीशी झटापट करायची.

"दूध पाजलंय मावशी. झोपली तर झोपू द्या."

"झोपती कसली, तुझी लेक हाय ती."

शहादेवानं आणि वर्षाराणीनं मिळून जाकीट-नळकांडं म्हाळूच्या पाठीवर चढवलं. नळकांड्याचंच वजन इतकं की तीन किलो इकडं-तिकडं कुणाला कळणार? म्हाळू पायऱ्या उतरला. पाण्यात शिरण्याआधी त्यानं सवयीनं वर पाहिलं. सारजानं सवयीनं मान हलवली. म्हाळू आणि त्याच्यासोबत वर्षाराणी, दोघंही पाण्याखाली गेली आणि सारजानं श्वास धरला.

धनश्रीनं तिचं नाक चिमटीत पकडलं.

"मामी, सोडा की श्वास!" शहादेव ओरडला. "नानाच्या पाठीला अर्ध्या घंट्याची हवा हाय. तुमच्या पाठीला काय हाय?"

"तू दोर धर गप."

पण म्हाळूचं काहीतरी बिघडलं होतं. तो वरच्या फितीपाशी थांबला नाही, खालच्या फितीपाशी थांबला नाही, सरळ दिसेनासा झाला. थोड्या वेळानं तळातून तपकिरी ढग उठला. आणि मग एकदम, दाबून धरलेला भोपळा हातातून निसटावा तसा तो दोन्ही फिती ओलांडून वर आला आणि धप्पकन पाण्याबाहेर डोकं काढून तरंगू लागला.

"नाना, बेडकं हसायल्यात!" शहादेव म्हणाला.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याहून वाईट. वर्षाराणीनं काठावर येऊन तोंडातली नळी काढली.

"काका, काल तर दीड मिनिट राहिलात की! माप कालच घेतलंय, कमरपट्ट्यातलं वजनाचं शिसं तेवढंच आहे, जाकीट तेच. आज काय होतंय?"

"काय ठावं."

"श्वास धरताय तुम्ही. खरं सांगा. छाती भरून श्वास धरला की माणूस वर पळतो. आणि वर येताना धरलात तर फुप्फुसं फाटतील, किती वेळा सांगितलं. इथं श्वास चालूच ठेवायचा, घेत राहायचा, सोडत राहायचा."

"धरत असंन बी." म्हाळूनं ओल्या मिशांवरून हात फिरवला. "चाळीस वर्षं धरायचंच काम केलं. आता सोड म्हनल्यावर सुटत नसंन."

"जेवून घ्या. नळकांडं बदलते. जेवण जिरलं की एकदा शेवटचं बघू. नाहीच जमलं तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. पोरीला घेऊन ती ज्वारीच्या आडोशाला दूध पाजायला गेली.

सारजानं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. म्हाळूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. खालच्या पायरीवर बसून त्यानं पाय पाण्यात सोडले होते. शहादेव हुरडा भाजायला बांधाकडं गेला होता. दोघंच होती.

"तुझं खरं झालं बघ," म्हाळू म्हणाला. "नाकातनं रगत आलं तव्हाच समजायला पायजे होतं. वय झालं. पानी मला वळखत न्हाई आता."

सारजानं वर पाहिलं. वरच्या कठड्यावर जाकीट उन्हात टाकलं होतं. त्याच्या पाठीतला फुगवटा तिला इथूनही दिसत होता, गरोदर शेळीच्या कुशीसारखा. दुसऱ्या कुणाला कसा दिसत नव्हता!

तिच्या सगळं ध्यानात आलं होतं. दुसऱ्या खेपेलाच. म्हाळू खाली गेला तो त्या ओळखीच्या वेगानं, सुर्रकन, धोंड्याच्या वेगानं. ती चाळीस नाही तरी तीस वर्षं तो वेग बघत आली होती. तिनं ओळखलं होतं, आणि पोरीची कुंची नीट करत गप्प राहिली होती.

आताही गप्प राहिलं तर काय बिघडणार होतं? संध्याकाळपर्यंत, एवढंच. यादी बीडला जाईल. तलवाड्याचा गडी उतरेल, त्याच्या घरचं कुणी काठावर उभं राहील. म्हाळू शेळ्या घेऊन जाईल, दिवस मावळता येईल. परत कधी रक्तानं भरलेलं धोतर धुवावं लागणार नाही. खिसा घरी नेऊन उसवायचा, धोंडा देवळीत. कुणालाही कळणार नाही. बिरोबा तेवढा बघेल, आणि तो काही बोलत नाही.

म्हाळू पायांनी पाणी ढवळत होता. हळू, जपून, नाराज झालेल्या माणसाला मनवावं तसा.

"अवो," सारजा म्हणाली. "पानी वळखतंय तुमाला."

"आं?" निम्मा कान तिच्या बाजूला होता.

ती उठली. पायऱ्या चढून वर गेली, जाकीट ओढत घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसून आडव्या टाक्यांचा दोरा दातांनी तोडायला लागली. दोरा मेणाचा, शिवण तिचीच, सहज सुटणारी नव्हती. वर्षाराणी पोरीला खांद्यावर घेऊन आली तेव्हा सारजाचा हात खिशात कोपरापर्यंत गेला होता.

"मावशी, काय करताय?"

लुगड्याचा ओला तुकडा बाहेर आला. त्यातून धोंडा.

धनश्री तेवढी "बा" म्हणाली.

"कुणी घातला हा?" वर्षाराणीचा आवाज पोलिसाचा झाला होता.

"मी."

"मावशी, तुम्हाला कळतंय का... अहो, वजन जास्त झालं की खाली ओढतं. म्हणून हे बटण दाबून जास्तीची हवा भरतात. वर यायला लागलं की तीच हवा आणखी फुगते आणि माणसाला बाटलीच्या बुचासारखं उडवते. मी बरोबर होते म्हणून. एकटे असते तर?"

"एकले जायलेत म्हनूनच घातला," सारजा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण मान खाली नव्हती. "चुकलं माझं. त्यांचं न्हाई चुकलं. त्येंनी श्वास धरला नव्हता. यादीत तसं लिवू नका."

वर्षाराणीनं ओठ घट्ट मिटले. रागावलेलंच राहायचं तिच्या मनात होतं, पण तिला हसू फुटलं. "मी तीन वेळा त्यांच्यावर ओरडले की हो! आणि काका, तुम्हाला पाठीला धोंडा कळला नाही?"

म्हाळूनं धोंडा दोन्ही हातांत घेतला, उजव्या तळव्यावर तोलला, डाव्यावर तोलला.

"कसा कळंन," तो म्हणाला. "ह्येचं वजन माझंच वाटतंय मला."

मॅडम नळकांडं बदलायला गेली. म्हाळूनं सारजाकडं पाहिलं.

"सांगितलंस कावून? गप बसली असतीस तर घरीच ऱ्हायलो असतो."

"घरी कुठं ऱ्हाता तुमी? घरी नुसत्या चपला ऱ्हात्यात तुमच्या."

म्हाळू मिशीत हसला. हातातला भाकरीचा तुकडा त्याला आता आठवला. तो त्यानं चटणीत बुडवून खाल्ला, मग दुसरा, आणि अर्धी भाकर सावकाश संपवली. मग म्हणाला, "एक ऐक. मी खाली गेलो की तू वर श्वास धरतीस."

सारजा दचकली. "कुणी सांगितलं?"

"कुनी सांगायला कशाला पायजे? वर आलो की आधी तुझंच तोंड बघतो मी. लाल व्हतंय. लग्नाच्या वर्सापासून बघायलो." त्यानं हात झटकले. "ह्या जाकिटात धरायचा नसतो. तूबी धरू नको."

ऊन कलू लागलं तेव्हा म्हाळू परत उतरला, बरोबर वर्षाराणी. या खेपेला जाकीट चढवताना शहादेव म्हणाला, "मामी, पाटा-वरवंटा काही ऱ्हायला असंन तर आत्ताच सांगा," आणि सारजानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. धनश्री तिच्या खांद्यावर झोपली होती. धोंडा शेजारी पायरीवर ठेवला होता. त्याचं कुंकू पाण्यात वाहून गेलं होतं. नुसता दगड दिसत होता, नदीतून नुकताच उचलून आणल्यासारखा.

म्हाळूनं वर पाहिलं. सारजानं मान हलवली.

तो गेला. पण सुर्रकन नाही. वाळलेलं पान पाण्यात भिजून हळूहळू उतरावं तसा. वरची फीत आली. ती ओलांडून तो थोडा खाली गेला, एक हात सोंडेवर आला, एक बटण दाबलं, आणि थांबला. सारजाला हिरव्या पाण्यातून त्याचं टक्कल दिसत होतं, एक लाल फीत वर, एक खाली, आणि मधे तो. हात पोटाशी घेतलेले. पाय जरासे मागे. कशालाच धरलेलं नाही, कशावरच उभा नाही. म्हाळू असा निवांत तिनं घरात कधी पाहिला नव्हता.

तिची छाती भरलेली होती. हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

तेवढ्यात खालून बुडबुडे निघाले. आधी नाण्याएवढे, मग वर येता येता वाटीएवढे होत, चकाकत, डुलत तिच्या पायांशी येऊन फुटले. म्हाळूचा श्वास होता तो. खालून येणारा हा निरोप इतक्या वर्षांत तिला आज पहिल्यांदाच कळत होता. खाली म्हाळू बोटभर उतरला. मग श्वास घेतला असावा, कारण बोटभर वर आला. परत बुडबुडे.

सारजानं श्वास सोडला. खांद्यावरची पोर मानेशी ऊन ऊन श्वास टाकत होती. सारजानं दुसरा घेतला, चोरून नाही, आणि पुढच्या बुडबुड्यांची वाट बघून सोडला.

"दीड मिनिट!" शहादेव घड्याळाकडं बघत कुजबुजला, पाण्यातल्या माणसाला ऐकू जाईल अशा भीतीनं.

बुडबुडे येत राहिले. पायरीवर धोंडा एका अंगानं वाळत आला होता.